दुसऱ्या डोळ्याचा ७६५१९ पुन्हा पुन्हा डिनाय होतो, त्याचं काय करायचं

दर सोमवारी एआरची, म्हणजे पैसे यायचे राहिलेल्या बिलांची यादी उघडली की ७६५१९ हा कोड वर असायचाच, डिनाय झालेला, म्हणजे विमावाल्यांनी नाकारलेला. रक्कम किरकोळ, म्हणून कुणी हात लावत नव्हतं. लावला तरी क्लेम जसाच्या तसा पुन्हा पाठवायचा, आणि तो तसाच परत यायचा. एकाच क्लिनिकचे असे तीसेक क्लेम साचल्यावर मी ते एका शीटमध्ये ओढून नीट पाहायला बसले.

मी आर्वी तालुक्यातल्या गावात, घरच्या माडीवर बसून अमेरिकेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांचं बिलिंग करते. आधी नागपूरच्या ऑफिसात होते. माझ्यासोबत दिग्रसचा एक पोरगा आहे, कोडिंगची परीक्षा नुकतीच पास झालेला. हे लिहायला बसले ते त्याच्यामुळेच. तिसऱ्यांदा त्याचा फोन आला, "ताई, थे ७६५१९ पुन्हा डिनाय झालं ना. मी तं कालच रिसबमिट केलं होतं."

आधी दुखणं सांगते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्याची लांबी अल्ट्रासाऊंडने, म्हणजे ए-स्कॅनने मोजतात आणि आत कोणत्या नंबरची लेन्स बसवायची त्याचा हिशेब करतात. मोजणी आणि हिशेब मिळून सीपीटी कोड, म्हणजे अमेरिकेत बिलावर घालायचा सेवेचा नंबर, ७६५१९. पहिल्या डोळ्याचे पैसे येतात, दुसऱ्याचे अडकतात. ईआरएवर, म्हणजे विमावाल्यांकडून येणाऱ्या हिशेबपत्रकावर, पैसे का अडले ते सांगणारा रिझन कोड असतो. कधी तो १८ असतो, म्हणजे हा क्लेम डुप्लिकेट आहे. कधी ९७, म्हणजे याचे पैसे दुसऱ्या सेवेत धरले आहेत. कधी ११९ किंवा १५१, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेळा केलंत. कोड बदलतो म्हणून प्रत्येक वेळी वेगळी भानगड वाटते. माझ्या शीटमधल्या बहुतेक ओळींत मूळ एकच निघालं: ७६५१९ हा आतून दोन तुकड्यांचा कोड आहे, आणि दोन तुकड्यांची मोजदाद वेगवेगळी होते.

पहिला तुकडा मशीनचा आणि टेक्निशियनच्या मेहनतीचा. त्याला टेक्निकल कंपोनंट म्हणतात, मॉडिफायर (कोडामागे लावायची खूण) टीसी. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः म्हाताऱ्यांसाठीचा तिथला सरकारी विमा, हा तुकडा दोन्ही डोळ्यांचा मिळून एकच धरतो. दुसरा तुकडा डॉक्टरच्या डोक्याचा: आकडे पाहणं, फॉर्म्युला निवडणं, लेन्सची पॉवर ठरवणं. हा प्रोफेशनल कंपोनंट, मॉडिफायर २६, आणि तो दर डोळ्याला वेगळा. मेडिकेअरच्या फी शेड्यूलमध्ये 'बायलॅटरल' नावाचा एक कॉलम असतो, तिथे टीसीच्या ओळीसमोर २ आणि २६च्या ओळीसमोर ३ दिसतो. २ म्हणजे दोन्ही बाजू दरात आधीच धरल्या आहेत, ३ म्हणजे प्रत्येक बाजूचा पूर्ण दर. कॉलिंग करण्याआधी हे दोन आकडे डोळ्यांनी पाहून घ्या.

पोराला हे कॉलम दाखवून काही उतरलं नाही. मग मी त्याला जिनिंगचं सांगितलं. एका ट्रॉलीत दोन भावांचा कापूस आला तर धरमकाट्यावर ट्रॉली एकदाच चढते, काट्याची पावती एकच फाटते. पण ग्रेडर ढीग पाहतो तेव्हा एकाचा वेगळा, दुसऱ्याचा वेगळा. ओल वेगळी, भाव वेगळा. काटा म्हणजे टीसी, ग्रेडर म्हणजे २६. तू दुसऱ्या भावासाठी काट्याची पावती पुन्हा मागून राहिला, म्हणून ते देत नाहीत. "हाव ताई, आता समजलं," म्हणाला. खरंच समजलं होतं, कारण पुढच्या क्लेमवर त्याने मला विचारलंच नाही.

मोजणी दोन्ही डोळ्यांची मिळून का धरतात हे मला स्वतःला समजलं ते आईच्या वेळी. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सेवाग्रामला झालं. टेक्निशियनने डोळ्यात सुन्न करायचा थेंब टाकला आणि पेनाएवढा प्रोब बुबुळाला अलगद टेकवला. पडद्यावर उंच टोकं उठली: एक कॉर्नियाचं, दोन लेन्सच्या पुढच्या-मागच्या पृष्ठभागाची, मग मोकळी सपाट रेघ, आणि शेवटी रेटिनाचं सरळ उभं टोक. हात जरा दाबला गेला की कॉर्निया दबतो आणि डोळा आहे त्याहून आखूड दिसतो. तसं एक रीडिंग तिने काढून टाकलं. एक मिलिमीटर चुकला तर लेन्सच्या पॉवरमध्ये अडीच ते तीन डायॉप्टरची चूक पडते, म्हणजे ऑपरेशन छान होऊनही माणूस जाड चष्म्यातच राहतो. मग तिने दुसऱ्या डोळ्याला प्रोब लावला. आई म्हणाली, "बाई, ऑपरेशन तं एकाच डोळ्याचं आहे नं?" टेक्निशियन म्हणाली, "दोन्ही डोळे जवळपास सारखेच असतात आजी. एक दुसऱ्याशी ताडून पाहावा लागतो." दोघांत ०.३ मिलिमीटरहून जास्त फरक आला की पुन्हा मोजायची शिस्त बऱ्याच ठिकाणी आहे. त्या खुर्चीशेजारी उभी असताना माझ्या डोक्यात टीसीचा २ चमकला होता, हे कबूल करते. धंद्याची सवय.

आता क्लेमकडे येऊ. चूक दोन ठिकाणी होते.

पहिली चूक एकाच तारखेची. चार्टमध्ये 'ए-स्कॅन, दोन्ही डोळे' लिहिलं आहे. चार्ज एंट्रीवाला दोन ओळी टाकतो: ७६५१९ आरटी (उजवा), ७६५१९ एलटी (डावा). दोन्ही ओळी ग्लोबल झाल्या, म्हणजे टीसी आणि २६ एकत्र, त्यामुळे दोन्हींत टीसी आला. पेयर, म्हणजे पैसे देणारा विमावाला, एक ओळ भरतो, दुसरी १८ किंवा ९७ लावून परत करतो. बरोबर क्लेम असा: पहिली ओळ ७६५१९ आरटी. यात दोन्ही डोळ्यांची मोजणी आणि उजव्या डोळ्याचा हिशेब आला. दुसरी ओळ ७६५१९ २६ एलटी, म्हणजे फक्त डाव्या डोळ्याचा हिशेब. मॉडिफायरचा क्रम पाळा, २६ आधी आणि बाजू नंतर. काही खासगी पेयर हेच टीसीची एक ओळ आणि २६ ५०ची (५० म्हणजे दोन्ही बाजू) दुसरी ओळ असं मागतात. त्यांच्या पॉलिसीत जसं लिहिलं असेल तसंच द्या, आपलं खरं करायला जाऊ नका.

एक खोच आहे. दोन्ही डोळे मोजले म्हणून दोन्हींचा २६ लगेच लावायचा, असं नाही. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनचं अजून काहीच ठरलेलं नसेल, तर त्या डोळ्याच्या लेन्सचा हिशेब कशासाठी केला हा प्रश्न पेयरने विचारला तर उत्तर नसतं. चार्टच्या प्लॅनमध्ये दुसऱ्या डोळ्याची सर्जरी लिहिली आहे का, ते वाचा. नसेल तर ती ओळ थांबवून ठेवा.

दुसरी चूक त्या थांबवलेल्या ओळीचीच, आणि माझ्या शीटमध्ये सर्वांत जास्त हीच होती. जूनमध्ये उजवा डोळा झाला. चार-पाच आठवड्यांनी पेशंट तपासणीला आला, डॉक्टरने डाव्याचं ठरवलं, जुनी मोजणी काढून डाव्या लेन्सची पॉवर निवडली. क्लिनिकच्या सिस्टीमने टेम्प्लेटमधून पुन्हा अख्खा ७६५१९ एलटी टाकला. पेयरकडे जूनमधला टीसी भरल्याची नोंद आहे, त्यामुळे ११९ किंवा १५१. इथे जायला हवं होतं फक्त ७६५१९ २६ एलटी. तारीख द्यायची ती डॉक्टरने तो हिशेब करून सही केली त्या दिवसाची. जूनची तारीख टाकून नवीन ओळ पाठवली की गोंधळ आणखी वाढतो.

हाच क्लेम उजव्या डोळ्याच्या ऑपरेशननंतरच्या ९० दिवसांत, म्हणजे सर्जरी पॅकेजच्या मुदतीत पडतो म्हणून आमच्याकडे कुणीतरी त्याला ७९ हा मॉडिफायर (आधीच्या ऑपरेशनशी संबंध नसलेलं काम) लावत होतं. ७९ लागतो तो दुसऱ्या डोळ्याच्या ६६९८४ला, म्हणजे ऑपरेशनला. निदानाच्या चाचण्या मेडिकेअरच्या सर्जरी पॅकेजमध्ये येतच नाहीत, त्यामुळे ए-स्कॅनला तो लावायची गरजच नाही. जास्त मॉडिफायर लावले म्हणजे क्लेम भक्कम होतो, हा समज का रुजला कोण जाणे. उलट रिझन कोड ४, म्हणजे मॉडिफायर कोडाशी जुळत नाही, येतो आणि एक काम वाढतं.

डायग्नोसिस कोडची बाजूही ताडून पाहा. एच २५.११ उजवा, एच २५.१२ डावा, एच २५.१३ दोन्ही. पहिल्या भेटीत एच २५.१३ ठीक. पण उजव्यात लेन्स बसल्यावरही क्लेमवर एच २५.१३ जात असेल तर चार्ट आणि क्लेम एकमेकांशी बोलत नाहीत, कारण त्या डोळ्यात आता मोतीबिंदूच नाही. तेव्हा फक्त एच २५.१२. एलटीच्या ओळीवर एच २५.११ गेलेले दोन क्लेम मला सापडले. रिझन कोड ११, म्हणजे निदान सेवेशी जुळत नाही, आला होता, आणि आम्ही महिनाभर मॉडिफायर बदलत बसलो होतो.

परत पाठवायचं कसं, यावर थोडं जास्त लिहिते, कारण पोरं इथेच वेळ घालवतात. रिमार्कमध्ये एमए १३० असेल तर मेडिकेअरने क्लेम प्रोसेसच केलेला नाही. त्यावर अपील होत नाही, दुरुस्त करून नवीन क्लेम टाकायचा. प्रोसेस होऊन डिनाय झाला असेल आणि चूक नुसती मॉडिफायरची असेल, तर रिओपनिंग, म्हणजे तोच क्लेम उघडून दुरुस्ती, मागायचं. ते फोनवर किंवा पोर्टलवरून होतं. तोच क्लेम मॉडिफायर बदलून पुन्हा टाकला तर डुप्लिकेट म्हणून अडकायची भीती. माझ्या शीटमधले अर्धे '१८' आम्हीच जन्माला घातले होते. खासगी पेयरला मात्र फ्रिक्वेन्सी कोड ७ लावून, जुना क्लेम नंबर देऊन दुरुस्त क्लेम जातो. हा ७ मेडिकेअर पार्ट बीला, म्हणजे डॉक्टरांची बिलं जातात त्या भागाला, चालत नाही. सेवेच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत मेडिकेअरकडे क्लेम पोचला पाहिजे, ते गेलं की रिझन कोड २९ आणि खेळ खलास.

अपीलच करायचं झालं तर कागद लागतो, आणि कागदाची गोष्ट वेगळीच निघाली. क्लिनिकने मला ए-स्कॅनची नुसती प्रिंट पाठवली. आकडे, ग्राफ, खाली मशीनने छापलेल्या लेन्सच्या पॉवरची यादी. ही प्रिंट म्हणजे टीसीचा पुरावा. २६चा पुरावा म्हणजे डॉक्टरने काय ठरवलं: कोणत्या डोळ्यासाठी, रीडिंग भरवशाची आहेत का, कोणती पॉवर, ऑपरेशननंतर चष्म्याचा नंबर किती राहावा असा विचार आहे, आणि सही. यादीतल्या एका आकड्याभोवती पेनाने गोल काढलेला होता. क्लिनिकच्या मॅनेजर बाईंना वाटत होतं तोच रिपोर्ट. मी म्हटलं, गोल कुणी काढला ते कागद सांगत नाही. पुढच्या आठवड्यापासून डॉक्टरांच्या नोटमध्ये दोन ओळी यायला लागल्या. त्या दोन ओळींवर आमचे सहा क्लेम सुटले.

यासारखीच दिसणारी पण वेगळी अशी एक भानगड ९२१३६ची. आता बऱ्याच ठिकाणी आयओएलमास्टर किंवा लेनस्टारसारखं मशीन असतं. ते प्रकाशाने मोजतं, डोळ्याला स्पर्शही करत नाही. त्या मोजणीचा कोड ९२१३६. त्याचेही तुकडे तसेच, टीसी दोन्ही डोळ्यांचा एक आणि २६ दर डोळ्याला. पण मोतीबिंदू फार पिकलेला असला तर प्रकाश आत पोचत नाही, रीडिंग येत नाही, आणि मग ए-स्कॅन करावा लागतो. क्लिनिक दोन्ही कोड टाकतं. दोन्ही एकत्र भरले जात नाहीत, एनसीसीआयची, म्हणजे कोणते कोड सोबत चालत नाहीत त्या मेडिकेअरच्या यादीतली, जोडी आडवी येते. ज्या मोजणीवर लेन्स ठरली तोच कोड ठेवा. ५९ हा मॉडिफायर ('हे वेगळं काम आहे') लावून दोन्ही सोडवून घ्यायचा सल्ला मला एका सिनिअरने दिला होता. मी तो मानला नाही, तुम्हीही मानू नका. एकाच कामासाठी दोन मोजण्यांचे पैसे मागितले असं ऑडिटमध्ये सरळ दिसतं.

शेजारचे कोड नवीन माणसाला हमखास चकवतात. ७६५१६ म्हणजे नुसती लांबी, लेन्सचा हिशेब नाही. ७६५११ हा निदानाचा ए-स्कॅन, डोळ्यातल्या गाठीसारख्या गोष्टीसाठी. ७६५१२ बी-स्कॅन, मोतीबिंदूमागचा पडदा दिसत नाही तेव्हा तो जागेवर आहे का ते पाहायला करतात. ७६५१४ म्हणजे कॉर्नियाची जाडी, एक डोळा असो की दोन, एकच युनिट. त्या कोडवर आरटी-एलटीच्या दोन ओळी पाहिल्या की समजायचं, कुणीतरी ७६५१९वरून कॉपी मारली आहे.

एक तपासणी फोनआधीच उरकून घ्या: प्लेस ऑफ सर्व्हिस, म्हणजे सेवा कुठे दिली त्याचा कोड. मशीन हॉस्पिटलच्या विभागात असेल तर क्लेमवर २२ असतो, आणि डॉक्टरच्या बिलावर फक्त २६ जातो; मशीनचे पैसे हॉस्पिटलचे. तिथे ग्लोबल टाकला तर पहिल्या डोळ्यालाच डिनायल येईल, दुसऱ्याची वाटही पाहायला नको.

आता मूळ कुठे होतं ते. क्लेम सोडवणं हे शेवटी गळत्या छपराखाली पातेलं ठेवण्यासारखं झालं होतं. क्लिनिकच्या सिस्टीममध्ये ए-स्कॅनसाठी एकच बटण होतं आणि त्यामागे ७६५१९ ग्लोबल. टेक्निशियन दोन्ही डोळे मोजते, बटण दोनदा दाबते. दुसऱ्या भेटीत डॉक्टर तेच बटण पुन्हा दाबतात. मी मॅनेजर बाईंना फोन केला तेव्हा तिकडचे सकाळचे नऊ, इकडे साडेसहा, आणि गावातली लाइन नुकतीच गेलेली. इन्व्हर्टरवर राउटर तेवढा चालू, स्क्रीन बंद, आकडे वहीतून वाचून दाखवले. बाईंनी मन लावून ऐकलं. आता त्यांच्याकडे दोन बटणं आहेत. 'मोजणी व पहिला डोळा' हे ग्लोबल टाकतं आणि कोणता डोळा ते विचारतं. 'दुसरा डोळा, फक्त हिशेब' हे २६ टाकतं.

आमच्या बाजूने स्क्रबरमध्ये, म्हणजे क्लेम पाठवण्याआधी तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये, एक नियम घातला: त्याच पेशंटवर मागच्या बारा महिन्यांत ७६५१९ किंवा ९२१३६ ग्लोबल किंवा टीसीने गेला असेल आणि आता पुन्हा २६शिवाय येत असेल, तर क्लेम थांबवून ठेव. दोन्ही कोड एकमेकांविरुद्धही तपासतो. बाराच महिने का, तर बरेच पेयर मोजणी वर्षात एकदाच मान्य करतात. वर्ष उलटून गेलेला पेशंट पुन्हा मोजला तर टीसी खुशाल लावा, पण पुन्हा का मोजलं ते नोटमध्ये असू द्या.

नियम लावल्यापासून सोमवारच्या यादीत हा कोड क्वचित दिसतो. जे दिसतात ते बहुतेक थंडीत दक्षिणेकडे जाणाऱ्या म्हाताऱ्यांचे. तिकडे ही रीतच आहे, उत्तरेतली माणसं हिवाळाभर फ्लोरिडा-ॲरिझोनात राहतात. पहिला डोळा उत्तरेतल्या डॉक्टरकडे होतो, दुसरा आमच्या क्लिनिककडे येतो. आमच्या सिस्टीममध्ये जुनी नोंदच नाही, स्क्रबर गप्प बसतो, आणि मोजणी खरोखर नव्याने केलेली असते. इथे टीसी काढून टाकणं चूक ठरेल. आता रिसेप्शनवर पेशंटला विचारतात, "आधीचा डोळा कुठे झाला?" जुनी मोजणी मागवून मिळाली आणि डॉक्टरने तीच वापरली तर २६. पुन्हा मोजलं तर ग्लोबल, आणि सोबत कारण लिहिलेली नोट. अशी दोन अपिलं सध्या माझ्याकडे पडून आहेत. नोटीस मिळाल्यापासून १२० दिवस असतात. कालनिर्णयवर लाल पेनाने खूण केली आहे, पोळ्याच्या आदल्या चौकोनात.